आजी, पिशवी सोडा

डोंबिवलीतलं आमचं घर तिसऱ्या मजल्यावर, आणि बिल्डिंगला लिफ्ट नाही. आईच्या गुडघ्यांनी संप पुकारला तेव्हापासून तिचं खाली उतरणंच बंद झालेलं. भाजी घ्यायची तर गॅलरीतून दोरीला पिशवी बांधून खाली सोडायची आणि भाजीवाला त्यात घालेल ते मुकाट्याने घ्यायचं. हे तिला फार लागायचं. जन्मभर कोथिंबिरीची जुडी उलटीपालटी करून, वास घेऊन निवडणारी बाई ती, आणि रोज वर काय यायचं, तर पिवळी पानं. "मला एकदा खाली ने गं," म्हणायची. ठाण्यात, कोपरीला, लिफ्टवालं घर मी बघून ठेवलेलं. पण हे विकलं गेलं तरच ते घेता येणार होतं.

एजंट आला, घरभर फिरला आणि म्हणाला, "मॅडम, हे घर आहे की गोडाऊन?" असा राग आलेला मला त्याचा. पण गरज आमची, म्हणून त्याला चहा दिला. त्याच्या मते घर मोकळं दिसायला हवं. पाण्याचे ड्रम हलवा, गाद्या हलवा, गॅलरीतली ती पिशवी आधी काढा. आणि गुडघ्यांबद्दल अवाक्षर काढायचं नाही. का विकताय विचारलं तर मोठं घर घेतोय म्हणायचं.

शेजारच्या काकूंनी आमचा सगळा पसारा स्वतःच्या घरात घेतला. वर त्यांचे नवेकोरे पडदे आमच्या खिडक्यांना लावून दिले. काका बिचारे ड्रमांच्या फटीतून टीव्ही बघायचे. आईला चांगली साडी नेसवून सोफ्यावर बसवलं, तर म्हणते कशी, "या वयात मला दाखवायला बसवलंय."

रविवारी घर बघायला दिव्याहून एक जोडपं आलं. बाई साधारण माझ्या वयाची. पडद्यांकडे तिने ढुंकूनही बघितलं नाही. तडक मोरीत गेली आणि नळ सोडला. नळ कोरडा.

"ड्रम कुठे आहेत?" तिने विचारलं.

"ड्रम कशाला? चोवीस तास पाणी आहे," एजंट म्हणाला.

"मग आत्ता कुठे गेलं?"

बाईने नवऱ्याकडे बघितलं. "ड्रम भरण्याइतकंही येत नसणार इथे," ती म्हणाली, आणि नवऱ्याने चपलेत पाय घातला. तेवढ्यात खालून हाक आली, "आजी, पिशवी सोडा. मेथी आलीय."

एजंट खोकायला लागला. मी उगाचच पंखा वाढवला. बाई गॅलरीत जाऊन खाली वाकून बघायला लागली. आता मात्र आईला राहवेना.

"अगं बाई, बस इथे. चोवीस तास वगैरे काही नाही. सकाळी तासभर येतं, पण धो धो येतं. ड्रम शेजारणीकडे लपवलेत. पडदेसुद्धा तिचेच. माझे गुडघे गेलेत, जिना उतरवत नाही, म्हणून विकतेय. लिफ्ट नाही ते तू बघितलंसच."

एजंटने कपाळाला हात लावला. मला वाटलं, संपलं. गेलं कोपरीचं घर. काकू बहुतेक दाराला कान लावूनच उभ्या होत्या. त्या आत आल्या आणि बाईला हाताला धरून आपल्या घरी घेऊन गेल्या. सकाळीच पाइप टाकून भरलेले ड्रम होते. तिने एकेकाचं झाकण उघडून बघितलं. सगळे काठोकाठ.

परत आली ती हसतच. "मावशी, आमच्याकडे टँकर आला की मी चौथ्या मजल्यावर हंडे चढवते. इथे पाणी आपणहून वर येतं. रिकाम्या हाताने तीन जिने म्हणजे मला काहीच नाही." नवऱ्याने चपला पुन्हा काढल्या.

व्यवहार झाला. घर आपल्या पडद्यांमुळे विकलं गेलं असं काकू अजून सांगतात. एजंट म्हणतो, त्याच्या टिप्समुळे.

कोपरीला राहायला गेल्यावर थोड्याच दिवसांत, भर दुपारी ऑफिसात आईचा फोन आला. मागे रिक्षांचे हॉर्न, माणसांचा गलका.

"आई, कुठे आहेस तू?"

"खाली," ती म्हणाली. "काठी घेऊन आलेय, घाबरू नकोस. थांब जरा, हा मला पिवळी जुडी खपवतोय."

मग ती त्याच्याशी भांडायला लागली. फोन बंद करायचं तिला भान नव्हतं, आणि मीही केला नाही. कानाला लावून, डोळे पुसत, सगळं भांडण ऐकलं.