वानखडे आणि इतर

जगभरचे संशोधक आपलं नाव पुढं काढायला धडपडतात. ते पद्धतशीर मागं ढकलणारा शास्त्रज्ञ अख्ख्या बुलढाणा जिल्ह्यात एकच आहे, आणि ते माझे मावसाजी आहेत.

मावसाजी मूत्रपिंडाच्या आजारावर संशोधन करतात. कुणाच्याही घरी गेले की 'कसे आहात'च्या आधी 'पाणी कुठलं पिता?' विचारतात. नांदुऱ्याच्या एका लग्नात मंगलाष्टकं चालू असताना हे मांडवामागच्या विहिरीचं पाणी बाटलीत भरत होते. मावशी महिनाभर बोलली नाही. त्यांच्या ते लक्षात आलं नाही.

त्यांचा सगळ्यात गाजलेला लेख वरवट बकालच्या खाऱ्या विहिरींवर आहे. कोणत्या विहिरीचं पाणी किती खारावलं आणि तिथलं पाणी पिणाऱ्या कोणत्या घरात कोण किडनीनं गेलं, हे आमच्या शेजारच्या चौथी पास सरूकाकू वानखडेंना तोंडपाठ. मावसाजींच्या पाणी तपासायच्या यंत्रानं त्यांचं म्हणणं खरं ठरवलं. मावसाजींनी लेखावर त्यांचं नाव पहिलं टाकलं. मासिकानं संस्था विचारली. यांनी लिहिलं, 'मारुतीचा पार, वरवट बकाल'. छापूनही आलं. शास्त्रात पहिलंच नाव घेतात, त्यामुळे जगभर उल्लेख होतो तो 'वानखडे आणि इतर' असा. मावसाजी त्या इतरांत. बढती हुकली. मी मोर्चेवाला, चिडून निषेधाचं पत्रक काढायला निघालो, तर म्हणाले, "बस खाली. काम तिचं, मी त यंत्र चालवलं."

कुणी नवा संदर्भ दिला की मावसाजी एसटीनं सांगायला येत.

"काकू, ब्राझीलवाल्यांनी तुमचा आधार घेतला."

"काऊन? त्याईचंही पाणी खारं हाय का?" आणि काकू दिवसभर ब्राझीलच्या काळजीत.

मग गोड्या पाण्याच्या नळासाठी आम्ही कचेरीत धडकलो. साहेब म्हणाले, "गावच्या बायांच्या जिभेवर योजना मंजूर होत नसते. संशोधन आणा." मावसाजींनी साहेबांच्याच टेबलावरचा, साहेबांच्याच सल्लागारानं केलेला अहवाल उघडला आणि पहिला संदर्भ मोठ्यानं वाचला.

"कोण हे वानखडे?" साहेबांनी विचारलं.

"थे मीच आहो," काकू म्हणाल्या. "आता बसू का?"

साहेबांनी स्वतः खुर्ची ओढून दिली. योजना मंजूर झाली. इतका देखणा विजय माझ्या एकाही मोर्चाला मिळालेला नाही.

नळाला पाणी आलं त्या सकाळी काकूंनी ओंजळभर तोंडात घेऊन घोळवलं. "गोड हाय, सर. आमचे मालक असते त पेले असते." त्यांचा नवरा याच आजारानं गेला, लेखातल्या आकड्यांत तोही आहे.

मावसाजींनी भरलेली कळशी उचलली आणि काकूंच्या मागोमाग त्यांच्या घरापर्यंत नेली.