जिला विचारायचे राहिले

लज्जा ही दुर्बलांची वृत्ती मानली जाते. परंतु ज्याच्या हाती लोक आपले शरीर निःशंकपणे सोपवतात, त्याच्या ठायी ती नसेल, तर त्याचे कौशल्य हे केवळ शस्त्र उरते. आमच्या रुग्णालयातील ज्येष्ठ शल्यविशारदांना ती उपजत लाभली नव्हती. ती त्यांना शिलाईकाम करणाऱ्या एका स्त्रीकडून मिळाली.

पोटाच्या उजव्या तळाशी बोटे दाबून ते तत्काळ निर्णय देत, आणि त्यांचा शब्द प्रमाण मानला जाई. ती स्त्री पोट दुखते म्हणून सासूबरोबर आली. डॉक्टरांनी तोंड उघडले, की सासूबाई मध्ये पडत.

“तिला काय विचारता? मला विचारा. दुखतंय म्हणते आणि चहा मागते! नाटकं नुसती.”

डॉक्टर हसले. अपेंडिक्स सुजले की अन्नावरची वासना उडते, हे ते स्वतःच विद्यार्थ्यांना शिकवीत. अंगात तापही नव्हता. तरी ते म्हणाले, “अपेंडिक्स. टेबलावर घ्या.”

पोट उघडले, तर अपेंडिक्स निरोगी. शेजारच्या बीजकोशातील इवलीशी पुटकुळी फुटून थोडे रक्त साचले होते. वेदना त्या पुटकुळीची, आपोआप शमणारी. तो निर्दोष अवयव त्यांनी तरीही काढला आणि रिवाजाप्रमाणे वाटीत घालून नातलगांना दाखवला.

“हेच का ते मेलं?” सासूबाईंनी विचारले.

“हेच. वेळेवर आणलंत.”

दुसऱ्या दिवशी त्या स्त्रीने हात जोडले. “डॉक्टर, तुमच्यामुळे वाचले.”

तो नमस्कार त्यांना सोसवेना. सासूबाईंना बाहेर पाठवून त्यांनी खरे ते सांगितले.

तिने टाक्यांवर हात ठेवला. “दोन पाळ्यांच्या मधल्या दिवसांत मला तिथंच दुखतं. या खेपेला जरा जास्त होतं. एकदा तरी मला विचारायचं होतंत.”

“चुकलं माझं, बाई.”

“मग सासूबाईंना तुम्हीच सांगा. नाहीतर मी सोंग केलं म्हणतील, आणि ते जन्मभर ऐकायचं मला.”

भरल्या व्हरांड्यात, परिचारिकांदेखत, त्यांनी सांगितले, “दुखणं तिचं खरं होतं. निदान माझं चुकलं. काल तुमच्याशी खोटंही बोललो.”

“अगंबाई! म्हणजे उगाच कापलीत की हो पोरीला!”

डॉक्टरांची मान खाली गेली. पुढे कुणी त्यांच्या हाताची स्तुती केली, की ती तशीच खाली जाई. शंका असली की ते रुग्णाला ठेवून घेत, पुनःपुन्हा तपासत, सोनोग्राफी करवीत आणि मगच सुरी मागत.

डॉक्टर आता नाहीत. त्या रुग्णालयात पोटदुखीच्या रुग्णाचे नातलग आधी बाहेर पाठवले जातात, आणि प्रश्न त्यालाच विचारले जातात.