उघड्या दारातलं ताट

काकू दार सताड उघडं टाकून जेवायच्या. आमच्याकडच्या बायका जेवतात त्या स्वयंपाकघरात, सगळ्यांची पानं झाल्यावर, ओट्याला पाठ टेकून. त्यात कुणी डोकावलं तर ताट पदराआड सारतात. काकू मात्र पहिल्या मजल्यावरच्या आपल्या दारात, उंबऱ्याला लागून पाट मांडायच्या आणि जिन्यावरून येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला ताट दिसेल अशा बसायच्या. कुरिअरवाला असो की सिलिंडर आणणारा, नवखा माणूस ओशाळून मान फिरवायचा. काकू त्याला सोडायच्या नाहीत. "बघ की बाबा, लाजतोस काय? काय हाय ताटात ते नीट बघून जा."

मी तेव्हा संत तुकाराम नगरात त्याच बिल्डिंगमध्ये तिसऱ्या मजल्यावर एक खोली घेऊन एकटी राहत होते. लातूरकडची मी, चाकणच्या एका कंपनीत क्वालिटीला लागले होते. सेकंड शिफ्ट असली की नाशिक फाट्यावर कंपनीची बस पकडायला मी दुपारी उतरायची आणि पहिल्या मजल्यावर माझी हजेरी व्हायची. "सांग गं पोरी, काय हाय?" मी ताटाकडे बघून सांगायची, "अर्धी भाकरी, मेथीची भाजी, काकडी, ताक." "भात?" "नाही." "गोडाचं काही?" "नाही, काकू." "जा आता. बस जाईल तुझी." शिफ्टभर पार्ट तपासायचे, त्याआधी हे एक ताट तपासायचं. मला हसू यायचं. पण खरं सांगते, कित्येक दिवस असे गेले की कामाशिवायचं बोलणं माझ्याशी तेवढंच झालं.

हे सगळं सुरू झालं काकांच्या शुगरपासून. काका एका कंपनीत प्रेस शॉपला सुपरवायझर होते, रिटायर होऊन दोन वर्षं झाली होती. तपासणीत दोघांचीही शुगर काठावर निघाली. डॉक्टरांनी खाणं सांभाळा म्हणून सांगितलं आणि काकांनी ते टार्गेटसारखं अंगावर घेतलं. दोनच वेळा जेवायचं, मधे काही नाही, चहा बिनसाखरेचा, भात बंद. दोघांनी एकाच दिवशी सुरुवात केली. एकाच तव्यावरची भाकरी, एकाच कढईतली भाजी. तीन महिन्यांत काकांचं पोट असं उतरलं की सगळ्या पँटी शिंप्याकडे गेल्या. काकूंच्या ब्लाउजला मात्र एक टीपसुद्धा जास्तीची मारावी लागली नाही.

काका वाईट माणूस नव्हते, हे आधीच सांगून टाकते. काकूंचे गुडघे दुखले की स्वतः तेल गरम करून चोळून देणारे होते. पण उभा जन्म मशिनीपुढे गेलेला. "एकच मटेरियल, एकच प्रोसेस," ते मला जिन्यात थांबवून समजवायचे, "मग एक जॉब ओके आणि एक रिजेक्ट कसा काय? म्हणजे मधे कुठंतरी काहीतरी जातंय." हे बोलताना ते काकूंकडे बघून डोळे मिचकवायचे. आधी आधी काकूही हसायच्या.

मग गणपतीत कॉलनीतल्या मॉर्निंग वॉकवाल्यांनी काकांचा शाल-नारळ देऊन सत्कार केला. काकांनी माइक हातात घेतला आणि म्हणाले, "आमच्या घरात डाएट दोघांचं चालू आहे. माझं दिवसभर, आणि हिचं मी घरात असेपर्यंत!" अख्खा मांडव हसला. काकू बायकांच्या पहिल्या रांगेत बसल्या होत्या. त्याही हसल्या, पदर सावरला, आणि हसून झाल्यावर बराच वेळ पदरच सावरत राहिल्या. दुसऱ्या दिवशी दुपारी दार उघडलं ते उघडलंच.

काकूंच्या माहेरची माणसं मावळातली, शब्दाला जपणारी. उपाशी राहणं त्यांना जड नव्हतं, पण चोरून खाणारी बाई म्हणवून घेणं त्यांच्या जिव्हारी लागलं होतं. काट्यावरचा आकडा हलेना म्हणून त्यांनी अर्ध्या भाकरीची चतकोर केली. केस गळायला लागले, भर दुपारी हात गार पडायचे. "हलू दे गं एकदा ह्यो काटा," त्या म्हणायच्या. "मग त्यांच्यापुढं उभी राहून इचारते, आता बोला." आणि एक दिवस त्या भाजीवाल्याच्या गाड्याशीच मटकन खाली बसल्या.

माझी सुट्टी होती. मी त्यांना चिंचवडला एका डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेले. बाईंनी जुने-नवे रिपोर्ट शेजारी ठेवले आणि म्हणाल्या, "शुगर तर छान खाली आलीय की तुमची." काकूंचा विश्वास बसेना. "मग वजन का हटंना? त्यांचं बघा की." बाईंनी शांतपणे समजावलं. पुरुषाची चरबी जास्त करून पोटात साठते आणि खाणं कमी केलं की सहसा तीच आधी, भराभर जाते. त्याच्या अंगात स्नायू जास्त, त्यामुळे बसल्या जागीही त्याचं जास्त जळतं. बाईचं शरीर, त्यातून पाळी गेलेल्या बाईचं, मिळालेलं धरून ठेवायला बघतं. "ताट एक असलं तरी अंगं दोन आहेत ना, काकू? काकांशी बरोबरी करू नका. आणि हे चतकोरीचं बंद. अख्खी भाकरी खायची." काकू हरखल्या. म्हणाल्या, "हे तुमी त्यांना सांगाल?" बाई म्हणाल्या, "घेऊन या की."

काका आले नाहीत. "डॉक्टर बाई, पेशंट बाई," ते म्हणाले, "निकाल आधीच ठरलेला." मी त्यांच्याच भाषेत सांगून पाहिलं, की काका, एकच माल दोन वेगळ्या मशिनींवर टाकला तर दोन्हींचं उत्पादन सारखं येतं का? ते क्षणभर थांबले. मला वाटलं, पटलं. मग म्हणाले, "तुझ्या शिफ्टची वेळ झाली बघ," आणि पेपर उघडला.

दुसऱ्या दिवशी मी पाहिलं तर ताटात पुन्हा चतकोरच. मी चिडले. काकूंनी मला हात धरून खाली बसवलं. "तूच सांग, दारात अख्खी भाकरी घिऊन बसले तर जिन्यातनं जाणारे म्हनतील, बघा, ही खाती. आन् आत बसून खाल्ली तर चोरून खाल्ली. मी खाऊ कुठं?" बस चुकली त्या दिवशी, पण मी बसून राहिले. खूप विनवण्या केल्यावर त्यांनी अर्धी भाकरी कबूल केली. त्यापुढे कधी गेल्या नाहीत.

पुढे त्यांनी ती जागा विकली आणि चऱ्होलीला नव्या टॉवरमध्ये अकराव्या मजल्यावर फ्लॅट घेतला. काकांना लिफ्टची फार हौस होती. मीही चाकणलाच खोली केली. सामान टेम्पोत चढताना काकू मला म्हणाल्या, "तिकडं कोन बघनार गं माझं ताट?" मी हसण्यावारी नेलं. आधी वरचेवर फोन व्हायचे, मग फक्त सणासुदीला. गेल्या हिवाळ्यात कुणीतरी सांगितलं की काका गेले. सकाळी चालायला म्हणून उतरले आणि गेटापाशीच कोसळले. पोट सपाट झालेले, सगळ्यांना हेवा वाटावा असे काका.

मी गेले तेव्हा सगळे विधी उरकून पाहुणे पांगले होते, त्यांची मुलगीही बेंगळुरूला परतली होती. भर दुपारची वेळ. लिफ्टमधून बाहेर पडले तर लांबलचक पॅसेज, दोन्ही बाजूंना बंद दारं, चपलांची कपाटं, चिटपाखरू नाही. एकच दार उघडं होतं, अगदी टोकाचं. काकू उंबऱ्याशी पाटावर बसून जेवत होत्या. अकराव्या मजल्यावर जिना कोण चढतं? समोर नुसती भिंत होती. त्या भिंतीला त्या ताट दाखवत होत्या.

मला बघून त्या उठू लागल्या. मी शेजारी फरशीवर बसले. ताटात अर्धी भाकरी, भाजी, ताक. "काकू," मी म्हटलं, "आता कुणाला दाखवायचं?"

त्यांनी घास खाली ठेवला. "कबूल न करताच गेले गं. एकदा म्हनले असते ना, तू खात न्हाईस, मला ठावं हाय, तर मी त्याच दिशी दार लावलं असतं." डोळे पुसले नाहीत. "आता कोन म्हननार?"

मी उठले आणि दार लावून घेतलं. "मी म्हणते. मी रोज बघत होते, काकू. तुम्ही कधीच चोरून खाल्लं नाही. आता जेवा." बंद दाराकडे त्यांनी एकदा पाहिलं. मग ताट माझ्याकडे सरकवून म्हणाल्या, "टोपलीत अजून हाय बघ. वाढ एक अख्खी." मी माझ्यासाठीही ताट घेतलं. आम्ही दोघी आत, स्वयंपाकघरात, पोटभर जेवलो. काकूंना भाकरीवर दुसरी भाकरी घेताना मी पहिल्यांदाच पाहिलं.

निघताना मी दार ओढून घेऊ लागले तर काकूंनी कडीवर हात ठेवला. "ऱ्हाऊ दे उघडं."

"पुन्हा तेच, काकू?"

"न्हाई गं. दाखवायचं संपलं आज," त्या म्हणाल्या. "पन उघडं असलं की कुनी येतंय का ते दिसतं."

मी लिफ्टशी जाऊन वळून पाहिलं. काकू दारातच उभ्या होत्या. मी हात हलवला, त्यांनीही हलवला. पॅसेजमध्ये दुसरं कुणी नव्हतं.