एका कागदामागे चार ऑफिसं

आमच्या भाऊजींनी पाहिली तेवढी ऑफिसं भंडारा जिल्ह्यात एखाद्या सरकारी लिफाफ्यानंही पाहिली नसतील. लोक पगारासाठी खातं बदलतात, बदली चुकवायला बदलतात, साहेबाला कंटाळून बदलतात. आमच्या ताईचा हा नवरा एका कागदासाठी बदलतो! त्यांचं गाव धरणात गेलं, पुनर्वसनात प्लॉट मिळाला, त्यावर घरही झालं. पण प्लॉटच्या कागदावर त्यांच्या मायचं नाव काही चढेना. जावं तिथं एकच उत्तर, "हे आमच्याकडे येत नाही." दुसरा कोणी असता तर त्यानं पुन्हा अर्ज केला असता. भाऊजींनी थेट त्या ऑफिसातल्या नोकरीची परीक्षाच दिली.

आधी पाटबंधारे खात्यात लागले. तिथं कळलं, कागद मोजणीवाल्यांकडे गेला. झालं! पुन्हा परीक्षा, पुन्हा पुस्तकं. ताईनं भाजीत मीठ बरोबर आहे का विचारलं तरी हे कलम सांगायचे. मोजणीत पोचले तोवर कागद आणखी पुढे. मग तिसरं ऑफिस, मग चौथं. कधी तुमसर, कधी सिहोरा, कधी भंडारा. दरवेळी शाल-नारळ त्यांना आणि सामान वाहायला मी. एकदा पलंग जिन्यात अडकला तेव्हा माझं डोकंच फिरलं.

"भाऊजी, कायले येवढी धावपळ करून राहिले तुमी? कोनाले चहापानी करा, काम होते."

पलंगाखालून गंभीर आवाज आला, "आपनच तं हापिसवाले आहो बावा. आपन कोनाले चहापानी कराचं?"

आता अशा माणसाशी काय बोलायचं, सांगा!

चौथ्या ऑफिसात मात्र देव पावला. मागच्या महिन्यात ती फाइल खुद्द त्यांच्याच टेबलावर आली. ताईनं गल्लीभर साखर वाटली. ऐंशीच्या मायला मी स्वतः गाडीवर बसवून ऑफिसात नेलं. भाऊजींनी फाइल उघडली, मायच्या नावावरून बोट फिरवलं आणि सुवाच्य अक्षरात शेरा लिहिला: 'अर्जदार माझी आई असल्याने प्रकरण अन्य कर्मचाऱ्याकडे सोपवावे.'

"अहो, मारा ना सही!" मी ओरडलोच.

"माह्या मायचं काम आहे. मी कशी करू?" ते म्हणाले. मान काही वर केली नाही. मला भयंकर राग आला, आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी दिसल्यावर तो कुणावर काढावा तेच कळेना.

म्हातारी बाकावर पदर सावरून बसली होती. शेरा-बिरा तिला काय कळणार? तिनं नुसतं लेकाच्या तोंडाकडं पाहिलं आणि समजुतीनं म्हणाली, "बरं बाबू. आता कोनत्या हापिसात जा लागते तुले?"