निळा रंग खाणारे जिवाणू

कुपवाडच्या नाल्यातला चिखल मी आणि लॅबमधली माझी मैत्रीण, आम्ही दोघींनी एकाच दिवशी आणला, एकाच स्कूटरवरून. तिथल्या छोट्या कारखान्यांतून कापड रंगवल्याचं पाणी वाहत येतं. त्या चिखलातून विषारी रंग मोडून टाकणारे जिवाणू शोधायचे, हे आमचं पीएचडीचं काम. निळ्या पाण्याच्या फ्लास्कमध्ये जिवाणू सोडायचे आणि निळा कधी जातो ते बघत बसायचं.

माझ्या जिवाणूंना चार दिवस लागायचे. तिच्या जिवाणूंनी एका दिवसात सगळा रंग घालवला. आमचे गाईड सर माझ्या टेबलावरून पुढे गेले, तिचा फ्लास्क उजेडाकडे धरून हसले आणि म्हणाले, पहिला शोधनिबंध यावरच. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. चिखल तोच, घाण वास मीही तितकाच सोसलेला, शिवाय स्कूटर माझी. मी सांगलीत वाढलेली, ती वडूजकडच्या कोरडवाहू गावातली, इंग्रजीत दोन वाक्यं बोलताना अडखळणारी. हे सगळं मी मनात घोकत होते आणि त्याची मला लाजही वाटत नव्हती.

मग तिचा लष्करातला भाऊ सुट्टीवर आला आणि ती पंधरा दिवसांसाठी गावी निघाली. लॅबचा डीप फ्रीझर बंद पडला होता, त्यामुळे जिवाणू जगवायला दर चार-पाच दिवसांनी नव्या नळीत हलवावे लागत. कोणी गावी गेलं की शेजारच्या टेबलावरच्याने ते करायचं, अशी आमच्यात रीतच होती. नळ्या माझ्या हातात देत ती म्हणाली, "तुझ्याशिवाय कुणाला सांगू गं? माझी लेकरं हायत ती."

अशा जिवाणूंना निळा रंग घातलेलंच खाद्य द्यायचं असतं. नुसतं सकस खाद्य मिळालं तर ते जोमाने वाढतात, पण रंग मोडायची गरज उरत नाही आणि हळूहळू ती ताकदच जाते. हे मला पाठ होतं. तरी तिन्ही वेळा मी त्यांना सकस खाद्यच दिलं. मारून टाकायची माझी हिंमत नव्हती, आणि याला कोणी मारणं म्हणणार नव्हतं.

ती परतली ती माझ्यासाठी शेंगदाण्याची चटणी घेऊनच. रंग संपलेली नळी आणि मुळात रंगच न घातलेली नळी, दोन्ही सारख्याच दिसतात. आतली दाट वाढ बघून ती खूश झाली.

फ्लास्क मात्र आठ दिवस निळाच राहिला. सर चिडले तेव्हा ती खाली मान घालून म्हणाली, "चूक माझीच हाय सर. ऐन कामात सोडून गेले मी." मी शेजारीच काचसामान धूत उभी होते. शोधनिबंध माझ्या जिवाणूंवर निघाला. ती पुन्हा चिखल आणायला निघाली, तेव्हा स्कूटर मीच चालवली.

तिचा प्रबंध माझ्यानंतर दोन वर्षांनी पुरा झाला. गेल्या महिन्यात तो दाखवायला ती घरी आली. आभाराच्या पानावर सर, आई-वडील आणि मग मी होते. तिने लिहिलं होतं: "मी गावी असताना माझे जिवाणू पोटच्या पोरांसारखे जपल्याबद्दल." माझ्या प्रबंधात तिच्यासाठी एक ओळही नव्हती.

सगळं सांगून टाकावं, असं ओठांवर आलं. बोलायचं धैर्य गोळा करत मी पुढची पानं चाळत राहिले. तिथे दिसलं, तिचे नवे जिवाणू तोच रंग अर्ध्या दिवसात मोडतात. पोटात पुन्हा तीच आग पेटली. मी प्रबंध मिटला आणि छान झालाय म्हणाले.