एका वेळी एक ओळ

वेबसाइट सुधारायला घेतली तेव्हा तक्रारींची एक वही भरेल, एवढंच मला वाटलं होतं. वही भरली, पण त्यातली निम्मी पानं मी कुणाला दाखवत नाही. चारचौघांत सांगायला बसलं की लोक आधी हसतात आणि मग हळूच विचारतात, "खरं की काय?" मी शपथाबिपथा घेत नाही. तुम्ही आपलं ऐका.

आधी ओळख. आमचं वाचनालय पेणचं, एक शाखा रोह्याला. पूर्वी दरवर्षी आमचा हस्तलिखित अंक निघायचा. सभासदांनी आपापल्या अक्षरात लिहायचं, मग सगळी पानं एकत्र शिवायची. प्रत एकच, त्यामुळे ती कपाटाबाहेर जायची नाही. आता ते सगळे अंक स्कॅन करून साइटवर टाकलेत. सभासदाने पासवर्ड टाकायचा आणि घरबसल्या वाचायचं. मी ग्रंथपाल, म्हणजे फोन मी उचलते. निलेश रोह्याजवळच्या अष्टमी गावचा, कंपनीतली शिफ्ट सांभाळून साइटचं काम करतो. दामले सर अध्यक्ष, म्हणजे चुका ते काढतात.

*

सुरुवात झाली म्हात्रेकाकांच्या फोनने. काका वडखळजवळच्या खाडीकाठच्या गावातले, जन्म मिठागरात गेला.

"बाय, तुमची अक्षरं मुंगीयेवरी हायेत!"

"सुनेला वाचून दाखवायला सांगा ना, काका."

"नाय. ता मीच वाचनार."

मग सगळं कळलं. त्यांची बायको पार्वती प्रौढ शिक्षणाच्या वर्गात लिहायला शिकली आणि एका वर्षी तिने अंकात 'माझा दिवस' असा लेख लिहिला. काकांना तेव्हा वाचता येत नव्हतं. उलट शिकून कलेक्टर होणार काय म्हणून तिची चेष्टा करायचे. ती गेली, त्यानंतर काका अक्षरं शिकले. आता लेख हातातल्या फोनवर आला होता, तर मिठाच्या लखलखाटाने डोळे अधू झालेले. उरलेली नजर सहा महिने पुरेल, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं.

"एकदा शेवटपर्यंत वाचू दे, बाय. माज्या डोल्यांनी. मंग गेली नजर तरी चालंल."

फोन ठेवल्यावर मला रडू आलं. निलेशला म्हटलं, बाकी सगळं राहू दे, आधी अक्षर मोठं कर. पण हस्ताक्षराचा फोटो मोठा केला की ओळ स्क्रीनबाहेर पळते. "वेळ लागेल," निलेश म्हणाला. तोवर त्याने इतर बारीकसारीक सोयी टाकायला घेतल्या. तिथून आमचे ग्रह फिरले.

*

पहिली सोय हिरवा ठिपका. आपण वाचत असताना तेच पान आणखी कोणी वाचत असेल, तर कोपऱ्यात ठिपका दिसायचा.

रोह्याच्या साठेकाकूंचा फोन. "अहो, मी कुठलाही अंक उघडला की ठिपका असतोच! मी पान उलटलं की तोही उलटतो. कोण आहे हा मेला?"

निलेशने तपासलं आणि हसत सुटला. "काकू, ते तुमचंच खातं आहे. घरात दुसऱ्या कशावर तरी उघडं राहिलंय."

"हां, म्हणजे ह्यांचा टॅब!" काकूंना हायसं वाटलं. कपाट उघडल्याचा आवाज आला, मग काहीतरी खुळखुळलं.

"काकू?"

"अहो, हा टॅब ह्यांच्या हातून पडून फुटला होता ना. ह्याच्यात बॅटरीसुद्धा नाही."

निलेशने त्याच दुपारी ठिपका काढून टाकला.

*

मग पासवर्ड. कासूकडच्या एका आळीत सभासद एकच, पण वाचायची अख्खी आळी! पूर्वी एका कार्डावर सगळे पुस्तकं न्यायचे, तीच सवय. पासवर्ड खडूने दारावर लिहून ठेवलेला. दामले सर भडकले. म्हणून निलेशने घरटी वेगळं खातं दिलं आणि प्रत्येकाला एक गुप्त प्रश्न घातला, आईचं माहेर कुठलं?

झालं! आळीतल्या सगळ्यांच्या आया एकाच गावाहून आलेल्या. सगळ्यांचं उत्तर तेच, म्हणजे कोणीही कोणाचंही खातं उघडणार.

"प्रश्न बदल," मी म्हटलं. बदलण्याआधी त्याने उत्तरांची यादी काढली. एका खात्यावर वेगळंच गाव. मी ते नाव त्या आळीतल्या एका आजीला फोनवर वाचून दाखवलं.

"ता गाव?" आजी म्हणाली. "बांध फुटला तवाच खाडीत गेला गो. माणसा पन गेली. तिथली लेक आमच्या आळीत कोनाला दिलीच नाय."

मी निलेशला विचारलं, हे खातं कुठल्या घराला दिलं होतंस? त्याने घरं मोजली, मग खाती मोजली. खातं एक जास्त होतं. रोज वापरात होतं.

*

दामले सरांचा किस्सा जरा बरा आहे. ज्यांना वाचवत नाही त्यांच्यासाठी आम्ही मजकूर टाइप करून यंत्राचा आवाज लावला. बटण दाबा, बाई वाचून दाखवते. सरांनी स्वतःच्या तरुणपणीची कविता लावली. समोर मिसेस स्वेटर विणत होत्या.

बाई वाचता वाचता एका ओळीत म्हणाली, "कुसुम."

सरांनी मला फोन केला, आवाज अगदी बारीक. "तुम्ही ते नाव का टाइप केलंत?"

मी केलंच नव्हतं. मूळ पान काढून बघितलं. त्या ओळीत एक शब्द शाईने असा गिरगटून खोडला होता की भिंगातूनही काही दिसेना. "मीच खोडला होता," सर म्हणाले, "पान कुणाच्या हातात जायच्या आधी."

मिसेसचं नाव सुमती. स्वेटर अजून अर्धाच आहे!

*

आणि हा म्हात्रेकाकांच्या घरचा.

निलेशने शेवटी युक्ती काढली. लेखाची एकेक ओळ कापून वेगळी केली. फोन आडवा धरायचा, स्क्रीनभर एकच ओळ. बोट लावलं की पुढची. आम्ही दोघं भर दुपारी ते शिकवायला काकांच्या घरी गेलो. त्यांची सून सुरेखा आम्हाला बसवून आत गेली.

एक गोष्ट काकांना सांगायची मला हिंमत होत नव्हती. अंकातलं त्या लेखाचं शेवटचं पान वाळवीने खाल्लेलं होतं. लेखाच्या सत्तावीस ओळी उरल्या होत्या, पुढचं काहीच नव्हतं.

काकांनी फोन नाकाशी धरला आणि अक्षर लावत वाचायला लागले. "मी... पहाटे... उठते. बाळ पाळण्यात आहे. त्याला सासूकडे देते. मी मिठागरावर जाते." प्रत्येक ओळीला थांबायचे, डोळे पुसायचे, बोट लावायचे. निलेश बोटांवर मोजत होता. "दुपारी सावली नसते. माझे मालक मला हसतात. मला राग येत नाही."

काकांनी ती ओळ पुन्हा एकदा वाचली. मग पुढे. सत्ताविसावी ओळ अर्धीच होती. मी म्हणणार, काका, एवढाच आहे हो. तेवढ्यात त्यांनी बोट लावलं आणि वाचत राहिले.

"आज पेणहून दोन माणसे आली आहेत. बाई घाबरली आहे."

मी वाकून बघितलं. स्क्रीन कोरी पांढरी होती. काकांचे डोळे मात्र डावीकडून उजवीकडे फिरत होते. त्यांनी पुन्हा बोट लावलं.

"सूनबाई चहा करते आहे. साखर टाकायला विसरली आहे."

आणखी एक-दोनदा बोट लावून ते मनातल्या मनात वाचत राहिले. मग फोन मांडीवर ठेवला आणि डोळे मिटले. "झाला, बाय. आख्खा वाचला. माज्या डोल्यांनी."

सुरेखा चहा घेऊन आली. निलेशने एक घोट घेतला आणि माझ्याकडे बघितलं. मीही घेतला.

"अगो बाई!" सुरेखाने त्याचं तोंड बघून जीभ चावली. "साखर ऱ्हायली काय? थांबा, आनते."

"ऱ्हाऊ दे गो," काका डोळे न उघडता म्हणाले. "तिनं फुडं लिवलंय. सगल्यांनी तसाच प्याला."

आम्ही तसाच प्यालो.