मावशींचे टोमॅटो आणि दोन उमेदवार

“काम झालं ना ह्याचं?” असं म्हणत मावशी वस्तू उचलायच्या आणि उत्तरासाठी थांबायच्या नाहीत. रिकामे डबे, कुरिअरचे खोके, माझ्या ऑफिसातून मिळालेले टी-शर्ट, सगळं त्यांच्याकडे नव्यानं नांदायला लागायचं. अमेरिकेत, हर्नडनच्या आमच्या गल्लीत त्या लेकीकडे राहायच्या. अशी एखादी मावशी तुम्हीही पाहिली असेल. नसेल, तर तुमच्या घरात अडगळ फार असणार.

गल्लीत समोरासमोर दोन घरं होती. एकात अग्निशामक दलातून निवृत्त झालेले आजोबा, दुसऱ्यात शाळेत शिकवणाऱ्या बाई. दोघांचे पक्ष वेगळे, अंगणात रोवलेल्या प्रचाराच्या पाट्या वेगळ्या, पण बर्फ उपसायचं मशीन सामाईक. अलीकडे दोघं फक्त हवेबद्दल बोलायचे. राजकारण निघालं की बाईंना ओव्हनमधलं काहीतरी आठवायचं.

एका जूनमध्ये पक्षांच्या अंतर्गत निवडणुकीचं मतदान झालं. खरी निवडणूक नोव्हेंबरात, पण हे मावशींना कोण सांगणार? त्यांच्या जालन्याकडे मतदान आटोपलं की उमेदवाराचा फ्लेक्स दुसऱ्या दिवशी गोठ्यावर चढतो. मावशी सकाळी फिरायला गेल्या आणि पाट्या उपटून घेऊन आल्या. पक्षपात नको म्हणून दोन्ही अंगणांतल्या.

मग जे झालं ते विचारू नका. आजोबांनी ठरवलं, चोर बाईच. बाईंनी ठरवलं, चोर आजोबाच. दोन्ही घरांवर कॅमेरे लागले, एकमेकांकडे तोंड करून. बर्फाचं मशीन कोणाचं, यावर भर उन्हाळ्यात भांडण झालं.

मी कढीपत्ता मागायला मावशींच्या परसात गेलो, तर पाट्यांच्या तारेच्या स्टँडना टोमॅटोची रोपं बांधलेली, आणि तण उगवू नये म्हणून खाली दोन्ही उमेदवार आडवे पसरलेले. दुसऱ्याच्या पाट्या उचलणं इथं गुन्हा आहे, आणि मावशींचा सिटिझनशिपचा इंटरव्ह्यू पुढच्या महिन्यात होता. लेकीशिवाय त्यांना कोणी नव्हतं. इथून परत जावं लागलं असतं, तर जायला घरही उरलं नव्हतं.

“मावशी, प्लीज, इंटरव्ह्यू क्लिअर होऊ दे. तोवर कोणाला काही बोलू नका.”

“आणि ती दोघं?”

“ती तशीही भांडतातच.”

“भांडू देत की. पण जे केलंच नाही, त्याच्यावरून नको.”

त्यांनी पाट्या साबणानं घासल्या आणि भर दुपारी दोघांना रस्त्यावर बोलावलं. मला भाषांतराला नेलं होतं. त्यांनी इंटरव्ह्यूसाठी पाठ केलेलं सगळं इंग्रजी राज्यघटनेबद्दलचं, चोरीबद्दल त्यात काही नव्हतं. तरी माझी वाट न बघता त्यांनी छातीवर हात ठेवला. “आय टेक. नॉट शी, नॉट ही. आय.”

आजोबांनी आपली पाटी हातात घेतली. मग बाईंना म्हणाले, मी तुला चोर समजलो. बाई म्हणाल्या, मीही, आणि मी तर चर्चमध्ये सगळ्यांना सांगून बसले. पोलिसांना कोणी बोलावलं नाही. पाट्या परत आपापल्या अंगणात रोवल्या गेल्या. मतं कोणाचीच बदलली नाहीत, पण त्यानंतर दोघं राजकारणावर समोरासमोर उभं राहून, मनसोक्त भांडायला लागले.

इंटरव्ह्यूत अधिकाऱ्यानं विचारलं, पकडला न गेलेला एखादा गुन्हा केलाय का? मावशींनी पाट्यांपासून टोमॅटोपर्यंत सगळं सांगितलं. मी बाहेर घामाघूम. पण अधिकारी हसला म्हणे, आणि त्या पास झाल्या.

सिटिझनशिपच्या शपथविधीला आजोबा आणि बाई दोघंही आले, वेगवेगळ्या गाड्यांतून.

मावशी मागच्या हिवाळ्यात गेल्या. मला त्यांची फार आठवण येते. त्या दिवसाचा एक फोटो माझ्याकडे आहे, पण तो त्यांनीच काढलेला, म्हणून त्या त्यात नाहीत. फोन धरून त्या मराठीतच “जवळ या, अजून जवळ” म्हणत होत्या. आजोबा आणि बाई बसलेत त्या बाकाच्या मधोमध मावशींची पर्स आहे, आणि फोटोत मावावं म्हणून ती दोघं पर्सवरून एकमेकांकडे झुकलेली आहेत.